अंक की अवयव? संख्यांवरची उदाहरणं सोडवताना आधी ठरवायची गोष्ट

६५ ही संख्या दोन तऱ्हांनी मांडता येते. ६ × १० + ५ असं लिहिलं की तिचे अंक समोर येतात, ५ × १३ असं लिहिलं की मूळ अवयव. शिष्यवृत्तीपासून ऑलिंपियाडपर्यंत संख्यांवरची बहुतेक उदाहरणं यांपैकी एका मांडणीत चटकन सुटतात आणि दुसरीत पानभर घाम काढतात. म्हणून पेन्सिल टेकवण्याआधी प्रश्नातले शब्द बघायचे.

'अंकांची बेरीज', 'अंकांची अदलाबदल', 'पहिला अंक खोडला तर' असं काही दिसलं की स्थानिक किंमत लिहा. 'निःशेष भाग जातो', 'पूर्ण वर्ग', 'विभाजक किती', 'शेवटी किती शून्ये' असं असेल तर मूळ अवयव पाडा. 'एकक स्थानी कोणता अंक येईल' हा प्रश्न अंकांचा वाटतो, पण खरं तर तो १० ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीचा आहे. आणि अंकांचा गुणाकार दिलेला असेल, तर दोन्ही मांडण्या लागतात.

पुढे २^५ म्हणजे पाया २, घातांक ५, किंमत ३२. अज्ञात अंकांसाठी क, ख, ग ही अक्षरं घेतली आहेत. कख असं सलग लिहिलं की ती दोन अंकी संख्या समजायची. अक्षरांचा गुणाकार असेल तिथे × आहे. हा फरक वहीतही पाळा, कारण कख म्हणजे १०क + ख हे विसरून क × ख धरणं ही या प्रकारातली पहिली आणि सर्वांत नेहमीची चूक आहे.

अंक सुटे करताना

दोन अंकी संख्या १०क + ख, अंक उलटवले की १०ख + क. दोन्हींची बेरीज ११(क + ख), वजाबाकी ९(क − ख). एवढ्या दोन ओळी पाठ असल्या तरी अर्धी उदाहरणं तोंडी होतात. तीन अंकी संख्येत कखग मधून गखक वजा केली तर ९९(क − ग) उरतं, मधला अंक आपोआप उडतो. म्हणून अशी वजाबाकी २९७ येऊ शकते, पण २९६ कधीच येणार नाही.

आता एक जरा दमदार उदाहरण. एका दोन अंकी संख्येच्या वर्गातून तिचे अंक उलटवून मिळालेल्या संख्येचा वर्ग वजा केला, तर उत्तर शून्य नसलेला पूर्ण वर्ग येतो. ती संख्या कोणती?

वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. म्हणजे ११(क + ख) × ९(क − ख), अर्थात ९९ × (क + ख) × (क − ख). इथे अंकांचं काम संपलं, आता अवयवांकडे वळा. ९९ = ३^२ × ११. ३ चा घातांक सम आहे, त्याची चिंता नाही. ११ मात्र एकटा आहे. पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम लागतो, म्हणून उरलेल्या कंसांतून आणखी एक ११ यायला हवा. क − ख जास्तीत जास्त ९, त्यातून ११ मिळणार नाही. क + ख जास्तीत जास्त १८, म्हणून क + ख = ११ हा एकच मार्ग. मग उरलेला क − ख स्वतः पूर्ण वर्ग हवा: १, ४ किंवा ९. क − ख = ४ घेतला तर क = ७.५ येतो, अंक अपूर्णांक नसतो. क − ख = ९ घेतला तर क = १०, तोही अंक नाही. उरला १: क = ६, ख = ५. संख्या ६५. पडताळा: ४२२५ − ३१३६ = १०८९ = ३३^२.

इथे बरेच जण ४ वर येऊन अडखळतात. दोन पूर्ण संख्यांची बेरीज विषम असेल तर वजाबाकीही विषमच असते, हे आधी लक्षात घेतलं असतं तर ४ तपासावाच लागला नसता.

अंकांच्या या खेळातला मराठी माणसाला सर्वांत जवळचा आकडा म्हणजे देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा (१९०५–१९८६) ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि उत्तरावर हेच पुन्हा करा. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतो. २०२५ पासून सुरुवात केली तर ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. करून बघताना एक खाचखळगा आहे: २१११ − १११२ = ९९९ आलं की ते ०९९९ असं चार अंकी धरायचं. शून्य सोडून तीन अंकी धरलं तर ९९९ − ९९९ = ० होतं आणि 'कापरेकर चुकले' असं वाटतं!

याच संख्येचे मूळ अवयव पाडा: ६१७४ = २ × ३^२ × ७^३. अंकांची बेरीज १८, म्हणजे २ × ३^२. म्हणून ६१७४ ला १८ ने भागलं की भागाकार बरोबर ३४३ येतो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' हे नाव दिलं.

अवयव पाडताना

२ ने जाईल तोवर २, मग ३, ५, ७, ११, १३ असं क्रमाने चढत जायचं. कुठे थांबायचं, यात गडबड होते. थांबण्याची जागा म्हणजे उरलेल्या भागाकाराचं वर्गमूळ. २०२१ बघा. २ नाही, ३ नाही, ५ नाही, ७, ११, १३ ने बाकी उरते, आणि इथे 'मूळ संख्या' असा शेरा मारून पुढे जाणारे पुष्कळ. पण ४५^२ = २०२५, म्हणजे ४३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायला हव्यात. ४३ × ४७ = २०२१. चलाखी अशी की २०२१ = ४५^२ − २^२, म्हणून (४५ − २)(४५ + २). मोठी विषम संख्या दिसली की आधी एवढं बघा, की ती जवळच्या मोठ्या वर्गापेक्षा १, ४, ९, १६ अशा वर्गाने कमी आहे का. उलट २०२७ मध्ये ४३ पर्यंत कुणीच लागत नाही, म्हणून ती खरोखर मूळ संख्या.

मूळ असल्याचं सोंग घेणाऱ्या संख्या ओळखीच्या करून ठेवा: ५१, ५७, ८७, ९१, ११९, १३३, १४३, १६१, २२१, २४७, २९९, ३२३, ३९१, ४३७. यांपैकी ९१ (७ × १३) एकट्यानेच सर्वांत जास्त गुण खाल्ले असतील.

संख्या सलग दोनदा लिहिलेली असेल तर भागत बसू नका. कखकख = १०१ × कख, आणि कखगकखग = १००१ × कखग, जिथे १००१ = ७ × ११ × १३. म्हणून ५८४५८४ ला ७, ११ आणि १३ या तिन्हींनी भाग जातो, न बघता सांगा.

अवयव एकदा घातांकाच्या रूपात आले की विभाजक मोजणं सोपं. ३६० = २^३ × ३^२ × ५. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा: ४ × ३ × २ = २४ विभाजक. १ का मिळवायचा, हे समजून घ्या, नाहीतर परीक्षेत तो वजा होतो. विभाजक तयार करताना २ एकदाही न घेणं, एकदा, दोनदा किंवा तीनदा घेणं असे चार पर्याय असतात, आणि तो 'न घेण्याचा' पर्याय म्हणजे हा जास्तीचा १. विषम विभाजक हवे असतील तर २ घ्यायचाच नाही, म्हणजे ३ × २ = ६. सम विभाजक २४ − ६ = १८. उलटा प्रश्नही येतो: बरोबर १० विभाजक असलेली सर्वांत लहान संख्या? १० हा १० किंवा ५ × २ असाच लिहिता येतो, म्हणजे घातांक ९, किंवा ४ आणि १. मोठा घातांक लहान पायाला द्या: २^९ = ५१२, २^४ × ३ = ४८. उत्तर ४८.

घातांकांची उदाहरणं

नियम सगळ्यांना येतात, घोटाळा बेरजेत होतो. २^३ × २^३ = २^६, पण २^३ + २^३ = २ × २^३ = २^४. तुलना करायची असेल तर पाया किंवा घातांक समान करा. २^३०० मोठा की ३^२००? पहिला ८^१००, दुसरा ९^१००, संपलं.

खरी मजा घातांकांवर अटी घालण्यात आहे. अशी सर्वांत लहान संख्या शोधा, जिचा अर्धा भाग पूर्ण वर्ग आणि एक तृतीयांश भाग पूर्ण घन आहे.

अंदाजाने संख्या घालून बघणारा इथे हरतो. अटींत २ आणि ३ आहेत, म्हणून संख्या २^म × ३^न अशी घ्या. दुसरा मूळ अवयव घातला तर संख्या उगाच मोठी होईल. अर्धा भाग २^(म−१) × ३^न. तो वर्ग हवा, म्हणून म − १ सम आणि न सम. एक तृतीयांश भाग २^म × ३^(न−१). तो घन हवा, म्हणून म ला ३ ने भाग जावा आणि न − १ ला ३ ने भाग जावा. म विषम आणि ३ ची पट: सर्वांत लहान ३. न सम आणि ३ ने भागल्यावर बाकी १: सर्वांत लहान ४. संख्या ८ × ८१ = ६४८. पडताळा: ३२४ = १८^२, २१६ = ६^३. नेहमीची चूक म्हणजे न = १ घेणं. त्याने घनाची अट भागते, वर्गाची मोडते. प्रत्येक घातांकाच्या सगळ्या अटी एका ओळीत लिहून मगच किंमत ठरवली की हे टळतं.

हीच संख्या वाढवून 'आणि एक पंचमांश भाग पाचवा घात' अशी अट जोडली तर उत्तर २^१५ × ३^१० × ५^६ येतं. ही संख्या किती अंकी? इथे २ आणि ५ च्या जोड्या लावा: सहा जोड्या, म्हणजे १०^६. उरलं २^९ × ३^१० = ५१२ × ५९०४९ = ३०२३३०८८. आठ अंक आणि सहा शून्ये, एकूण १४ अंक. पाया २ आणि ५ असलेली सगळी 'किती अंकी' उदाहरणं अशीच होतात: ८^९ × ५^२५ = २^२७ × ५^२५ = ४ × १०^२५, म्हणजे २६ अंकी, आणि अंकांची बेरीज नुसती ४.

१ ते १०० या सर्व संख्यांच्या गुणाकाराच्या शेवटी किती शून्ये, हेही जोड्यांचंच उदाहरण. २ भरपूर आहेत, तुटवडा ५ चा. ५ च्या पटी २०. पण २५, ५०, ७५, १०० यांत ५ दोनदा आहे, म्हणून आणखी ४. उत्तर २४. २० लिहून येणारे बरेच असतात. १ ते २०२५ साठी ४०५ + ८१ + १६ + ३ = ५०५: दर वेळी आधीच्या भागाकाराला ५ ने भागायचं आणि बाकी सोडून द्यायची.

शेवटचा अंक

०, १, ५, ६ कितीही घातांक चढवा, शेवटी तेच राहतात. ४ आणि ९ दोन-दोन पावलांत फिरतात (४, ६ आणि ९, १). २, ३, ७, ८ यांचं चक्र चार पावलांचं: २, ४, ८, ६; ३, ९, ७, १; ७, ९, ३, १; ८, ४, २, ६. घातांकाला ४ ने भागा, बाकीइतकं पाऊल पुढे. २०२५ ला ४ ने भागलं की बाकी १, म्हणून ७^२०२५ चा शेवटचा अंक ७. बाकी ० आली तर चक्रातलं चौथं पाऊल घ्यायचं. ३^१०० चा शेवटचा अंक १ आहे, ३ नाही. ८^१०० मध्ये बाकी ० म्हणून 'घातांक शून्य, उत्तर १' असं लिहाल तर चुकाल, तिथे ६ येतो.

मनोरा आला की सावध व्हा. ७^(७^७) मध्ये वरचा ७^७ हा घातांक. त्याला ४ ने भागल्यावर बाकी हवी. ७ ची बाकी ३, म्हणजे −१ समजा, विषम वेळा गुणल्यावर −१ च राहते, अर्थात ३. तिसरं पाऊल: ३. कंस हलवून (७^७)^७ केलं तर ते ७^४९, बाकी १, शेवटचा अंक ७. मनोरा नेहमी वरून खाली सोडवायचा.

दोन्ही मांडण्या एकत्र

४क३७ख या संख्येला ७२ ने निःशेष भाग जातो, तर क आणि ख कोणते? ७२ फोडायचे ते ८ × ९. ६ × १२ असे फोडू नका. ३६ ला ६ ने आणि १२ ने दोन्हींनी भाग जातो, ७२ ने जात नाही. फोडलेले तुकडे सहमूळ हवेत, म्हणजे १ सोडून त्यांचा सामाईक विभाजक नको. ८ ची कसोटी शेवटच्या तीन अंकांवर: ३७ख, म्हणून ३७६. अंकांची बेरीज २० + क, ९ ची पट होण्यासाठी क = ७. संख्या ४७३७६ = ७२ × ६५८. आधी ८ लावला म्हणून ख लगेच मिळाला. आधी ९ लावला असता तर दोन अज्ञातांचं एक समीकरण घेऊन बसावं लागलं असतं.

अंकांचा गुणाकार २५२ असलेल्या तीन अंकी संख्या किती? २५२ = २^२ × ३^२ × ७. ७ ला जोडीदार मिळत नाही, १४ हा अंकच नाही. म्हणून एक अंक ७, उरलेल्या दोघांचा गुणाकार ३६: ४, ९ किंवा ६, ६. पहिल्या संचाच्या ६ मांडण्या, दुसऱ्याच्या ३, एकूण ९. चार अंकी विचारलं तर १ हाही अंक आहे हे विसरू नका: ७ सोबत १,४,९; १,६,६; २,२,९; २,३,६; ३,३,४. मांडण्या २४ + १२ + १२ + २४ + १२ = ८४. आणि गुणाकारात ११ किंवा त्याहून मोठा मूळ अवयव असेल, उदाहरणार्थ २८६ = २ × ११ × १३, तर अशी संख्याच नाही.

जुनं पण न चुकवण्यासारखं एक: पहिले दोन अंक सारखे, शेवटचे दोन सारखे, असा चार अंकी पूर्ण वर्ग कोणता? ककखख = ११ × (१००क + ख). ११ ची जोडी हवी, म्हणून १००क + ख ला ११ ने भाग जायला हवा. १००क + ख = ९९क + (क + ख), म्हणून क + ख = ११. मग संख्या १२१ × (९क + १). क च्या २ ते ९ या किमतींना ९क + १ येतं १९, २८, ३७, ४६, ५५, ६४, ७३, ८२. यांत वर्ग एकच, ६४. क = ७, ख = ४, संख्या ७७४४ = ८८^२.

उत्तर तपासताना

अंकांची बेरीज करून ९ चा ताळा बघण्याची, म्हणजे ९ ने भागल्यावरची बाकी जुळते का हे तपासण्याची सवय चांगली, पण तिला एक मोठी फट आहे. ६५८ × ७२ = ४७३७६ ऐवजी ४७७३६ लिहिलं तरी अंकांची बेरीज २७ च राहते. अंकांची अदलाबदल ९ च्या पटीनेच संख्या बदलते, हे वर आलंच आहे, म्हणून ९ चा ताळा ही चूक पकडूच शकत नाही. आणि मराठीत आकडे ऐकून लिहिताना हीच चूक जास्त होते: 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी ऐकू येतो, म्हणून हात ३५ लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं तेव्हा झालेल्या वादाचं मूळ इथेच होतं.

यावर ११ चा ताळा लावा. एकक स्थानापासून सुरुवात करून एकाआड एक अंक मिळवा आणि वजा करा, उणे आलं तर ११ मिळवा. ६५८: ८ − ५ + ६ = ९. ७२: २ − ७ = −५, म्हणजे ६. ९ × ६ = ५४, त्याला ११ ने भागल्यावर बाकी १०. ४७३७६: ६ − ७ + ३ − ७ + ४ = −१, म्हणजे १०, जुळलं. ४७७३६: ६ − ३ + ७ − ७ + ४ = ७, पकडली. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल या ताळ्यातून कधीच निसटत नाही, कारण तिने हा ताळा त्या अंकांच्या फरकाच्या दुपटीने सरकतो, आणि १ ते ९ यांपैकी कुणाच्याही दुपटीला ११ ने भाग जात नाही.